मोटारीचा धूर आणि मालकाचा हक्क

मोटारीचे बहुतेक सर्व भाग मालकाच्या सेवेसाठीं असतात. चाकें त्यास वाहून नेतात, ब्रेक त्याचा जीव वांचवितात, दिवे त्यास वाट दाखवितात. एक भाग मात्र असा आहे कीं, त्याची किंमत मालक देतो आणि फळ मागून येणाऱ्या अनोळखी मनुष्यास मिळतें. इंजिनाचा धूर ज्या नळींतून बाहेर पडतो तींत बसविलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरविषयीं आम्ही बोलत आहों. मधाच्या पोळ्यासारखी ती एक जाळी. तिजवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा पातळ लेप असतो, व त्याच्या सान्निध्यांत विषारी वायु बऱ्याच अंशीं निरुपद्रवी होतात. डिझेलच्या गाडींत काजळी अडविणारी गाळणीहि असते.

हे भाग काढून टाकण्याची चाल अमेरिकेंत जुनी आहे. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यामुळें १९७५ सालच्या बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर आला. त्या काळांत इंजिनाचा जोर घटला ही शोकिनांची तक्रार अगदींच निराधार नव्हती. पुढें यंत्र सुधारलें, पण तक्रार मात्र वारसाहक्कानें चालू राहिली. १९९० च्या दुरुस्तीनें मनाई खासगी मालकासहि लागू झाली, तरी त्याचें उत्तर ठरलेलें: इंजिन माझें, आणि लाखों गाड्यांत माझ्या एकीच्या धुरानें काय बिघडणार?

यांतील पहिल्या बोलण्यांत फारसा दम नाहीं. नळीच्या तोंडाशीं मालकी संपते. दुसरें मात्र विचार करण्याजोगें आहे. लॉस एंजेलिसवर दाटणारें, डोळे झोंबविणारें धुकें कशाचें, याचा उलगडा हॉलंडांत जन्मलेल्या आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास केला. न जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडलें म्हणजे ओझोन तयार होतो. अर्थात् हें विष नळींतून जसेंच्या तसें निघत नाहीं. तें वर हवेंत, मागाहून, कोसांच्या अंतरावर, हजारों गाड्यांच्या धुरांतून घडतें. एखाद्या दमेकरी मुलाकडे बोट दाखवून ‘यास अमक्याच्या मोटारीनें बाधा केली’ असें कोणासहि सिद्ध करतां येणार नाहीं. आपली नीतिबुद्धि तर चेहऱ्यांवर पोसलेली! ज्याचा पाय तुडविला तो ओरडला म्हणजेच ती जागी होते.

पण ‘एकच गाडी’ हा हिशेब तरी खरा आहे काय? अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणें, मागील दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांचीं साधनें काढलीं गेलीं होतीं, आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा वाढलेला भार नव्वद लाखांहून अधिक निर्दोष गाड्यांइतका होता. म्हणजे अशी एक गाडी सुमारें सोळा गाड्यांची भरपाई करते. शिवाय कित्येक कारागीर आंतील जाळी फोडून काढतात व रिकामें कवच पुन्हां जागच्या जागीं जोडतात. तपासनीसास सर्व यथास्थित दिसावें हा हेतु. हक्क बजावणाऱ्यास असा वेष पालटावा लागत नाहीं.

कोणी फोक्सवॅगनचें उदाहरण पुढें करतात. परीक्षा चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरतेंच शुद्ध वागणारी संगणक-योजना त्या कंपनीनें सुमारें एक कोटि दहा लाख मोटारींत घातली होती. २०१५ सालीं तें उघडकीस आलें, व २०१७ सालीं कंपनीनें अमेरिकन न्यायालयांत गुन्हा कबूल केला. मोठ्यांनींच असें केल्यावर आम्हांस दोष कां, असें हे लोक विचारतात. पण कंपनीवर त्यांचा राग असतो तो धुरासाठीं ना? मग पान्यानें सोडलेला धूर निराळा कसा?

आमच्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निर्बंध आले आणि हा प्रश्न घरापर्यंत पोंचला. पुण्याच्या गर्दींत सरपटणाऱ्या मोटारीची गाळणी पुरेशी तापत नाहीं, सांचलेली काजळी जळत नाहीं, आणि समोर इशाऱ्याचा दिवा लागतो. आमच्या एका स्नेह्यांस गॅरेजवाल्यानें ती कापूनच टाकण्याचा सल्ला दिला. नवीची किंमत ऐकल्यावर त्या सल्ल्यास निव्वळ दुष्ट म्हणवत नाहीं. रोज दोन मैल जाणाऱ्या गिऱ्हाइकास अशी गाडी विकतांना ज्यानें ही अडचण सांगितली नाहीं, त्याचा दोष आम्हांस अधिक वाटतो. परंतु त्या दोषाचा दंड रस्त्यावरच्या भाजीवालीनें कां भरावा? स्नेह्यांनीं गाळणी ठेवली आहे. दर रविवारीं ते द्रुतगती मार्गावर गाडी लांबवर पळवून काजळी जाळून येतात. डिझेल अर्थात् त्यांच्याच खर्चाचें.