निरुपयोगी यंत्र आणि परिग्रहाची कसोटी

एखादी वस्तू जवळ बाळगणे हाच परिग्रह, की त्या वस्तूविषयी मनात जडलेली आसक्ती म्हणजे परिग्रह, हा भारतीय नीतिविचारातील जुना वाद आहे. अन्न, वस्त्र, घर यांच्या बाबतीत गरजेची सबब सांगता येत असल्याने तो तिथे धूसर होतो. ज्या वस्तूची गरज कोणालाच उरलेली नाही, तिच्या संग्रहापाशी मात्र तो उघडा पडतो. जुन्या संगणकांच्या संग्राहकांना हवासा वाटणारा डेल कंपनीचा 'एक्सपीएस एम२०१०' ही अशीच वस्तू होय.

२००६ साली बाजारात आलेला हा संगणक लॅपटॉप म्हणून विकला गेला, तरी त्याचा पडदा २०.१ इंचांचा आणि वजन आठ किलोंहून अधिक होते. मिटल्यावर तो मुठीच्या ब्रीफकेससारखा दिसे; उघडल्यावर कळफलक सुटा करून ब्लूटूथ या बिनतारी जोडणीच्या आधारे थोडे दूर बसून वापरता येई आणि बटण दाबताच डीव्हीडी ड्राइव्ह यंत्राच्या पोटातून वर उचलला जाई. चित्र, ध्वनी आणि मजकूर एकाच यंत्रात आणण्याची, म्हणजे मल्टिमीडियाची, हौस येथे टोकाला गेली होती. आज ही बहुतेक कामे खिशातला फोन करतो. तेव्हा संग्राहक जे जपतो, तो उपयोग नव्हे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नसून 'मूर्च्छा', म्हणजे वस्तूविषयीचे ममत्व, हे त्याचे लक्षण मानले आहे. हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही जैन परंपरांना मान्य आहे. पण त्यातून दोघांनी काढलेले निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत. संयमाच्या पालनासाठी ममत्व न ठेवता बाळगलेली वस्त्रे आणि पात्रे हा परिग्रह नव्हे, असे श्वेतांबर मानतात. उलट, जवळ वस्तू असताना मूर्च्छा नाही असे होईलच कसे, असा प्रश्न दिगंबर आचार्य कुंदकुंद यांनी 'प्रवचनसारा'त उपस्थित केला आहे. आपल्याला यंत्राचा लोभ नाही, आपण केवळ तंत्रज्ञानाचा इतिहास जतन करतो, असे म्हणणारा संग्राहक नकळत पहिल्या पक्षाचा आधार घेतो, परंतु साधूच्या पात्राला संयमाचे जे प्रयोजन असते ते यंत्राला नसल्याने हा आधार त्याला अर्धाच लाभतो.

त्याच्या दाव्याची परीक्षा सुट्या भागांपाशी होते. अशी यंत्रे आता नव्याने बनत नाहीत, त्यामुळे एक चालू करण्यासाठी बरेचदा दुसऱ्याचे भाग काढावे लागतात. एखाद्याकडे मूळ कळफलकासह जसेच्या तसे राहिलेले, पण कधीच सुरू न केले जाणारे यंत्र आहे, आणि दुसऱ्याचे यंत्र केवळ त्या कळफलकावाचून अडले आहे, असे समजू. इतिहासाचे जतन हाच हेतू असेल, तर कळफलक देण्याने एक यंत्र पुन्हा पूर्ण होते, आणि न देण्याचे समर्थन करायचे तर अस्पर्श नमुन्याचे अभ्यासमूल्य दाखवावे लागते. ते दाखवता येत नसताना हात आखडत असेल, तर जपले जात होते ते यंत्र नसून त्यावरचे 'माझे'पण होते, हे मान्य करावे लागते.

तथापि निर्णय केवळ मनोवृत्तीवर सोपवणे धोक्याचे आहे, कारण आपण अनासक्त आहोत असे वाटून घेणे श्रीमंत संग्राहकाला सर्वांत सोपे जाते. म्हणूनच जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी परिग्रह-परिमाण हे अणुव्रत, म्हणजे मर्यादित स्वरूपाचे व्रत, सांगितले असून त्यात किती बाळगायचे हे आधीच ठरवून घ्यावे लागते. संग्राहक साधू नाही, गृहस्थ आहे. त्याच्याकडून सर्वत्यागाची अपेक्षा अवाजवी, पण मर्यादेची अपेक्षा न्याय्य आहे. मनाची साक्ष तपासण्यासाठी मूर्च्छेची व्याख्या, आणि ती साक्ष खोटी निघण्याची शक्यता असल्याने संख्येचे बंधन, अशा दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या, तरच निरुपयोगी यंत्राचा संग्रह परिग्रहाच्या आरोपातून अंशतः तरी सुटू शकतो.