"मला येत नाही"

न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंख्याची मोटर जळाली. मिस्त्रीची मजुरी वाचवावी म्हणून नवी मोटर आणून मी स्वतःच बसवू लागलो. बटण बंद होते. तरी टेस्टर लावताच तो पेटला! बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले होते, म्हणून तारेत २३० व्होल्ट तसेच होते. मेन स्विच बंद करून काम पुरे केले. पंखा फिरू लागला, पण मनाला स्वस्थता नव्हती. काटकसर हा गुण खरा. परंतु उद्या तेथे मुले ओल्या अंगाने उभी राहणार. शेवटी बटणाची जोडणी व अर्थिंग तपासण्यास मिस्त्रीला बोलावलेच.

वाचकहो, आपले काम आपण अवश्य करावे. मात्र जेथे आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याला भरावी लागेल, तेथे "मला येत नाही" असे म्हणणे हीसुद्धा प्रीतीच नव्हे काय?