रस्ता मोकळा ठेवा



काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवा करीत असताना घडलेली एक गोष्ट आज आपल्याला सांगतो. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, म्हणून आजवर सांगायचे टाळत आलो.

चर्चच्या सणाचा दिवस होता. जेवणासाठी मंडप मोठा हवा, असा सगळ्यांचा आग्रह होता आणि कंपाउंडमध्ये जागा पुरत नव्हती. आदल्या दिवशी मंडपवाल्याने विचारले, "फादर, बाजूच्या गल्लीत चार खांब पुढे घेऊ का?" मी म्हणालो, "घ्या. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." सणाच्या दिवशी उरलेल्या गल्लीत पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहिल्या. दुपारी एकच्या सुमारास गल्लीच्या टोकाला एका घरामागे रचून ठेवलेल्या पेंढ्याने पेट घेतला. बंब वेळेवर आला, पण आमच्या मंडपाच्या खांबांपाशी अडला. जवान खाली उतरले, होजची भेंडोळी खांद्यावर टाकली आणि पळत सुटले. ते पोहोचेपर्यंत आग पडवीच्या छपरापर्यंत चढली होती. घर वाचले, पण एका जवानाचा हात चांगलाच भाजला.

पुढच्या रविवारी मिस्साच्या शेवटी मी अग्निशमन दलाच्या जवानांचे तोंडभरून कौतुक केले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीतल्या मंडपाबद्दल मी एक शब्दही बोललो नाही.

त्या संध्याकाळी मला चैन पडेना. मी त्या जवानाच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तो माझ्याहून वयाने बराच लहान होता. अवघडल्यासारखा हसला आणि म्हणाला, "फादर, आम्ही येणारच. ते आमचं कामच आहे. तुम्ही फक्त रस्ता ठेवा."

त्याचे ते वाक्य गेली अनेक वर्षे माझ्या मनात आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कर्तव्य या विषयावर मी बरेच वाचले होते, पण माझे स्वतःचे कर्तव्य मला त्या एका वाक्यात कळले.

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आठवते आणि ते योग्यच आहे. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो आणि तेथून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्यामागे आपल्या मुंबईतील एक भीषण घटना आहे.

१९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. १४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास जहाजात आग लागल्याचे लक्षात आले. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचे असते. ते या जहाजावर फडकत नव्हते. जहाज जागीच बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे, याचा निर्णय होईना. तोपर्यंत मुंबई अग्निशमन दलाचे जवान पाणी मारत राहिले. शेकडो टन पाणी जहाजाच्या पोटात गेले. ते आतल्या उष्णतेने उकळू लागले, तरी धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्यांचा धक्का सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर नोंदला गेला. शेकडो माणसे मरण पावली, हजारो बेघर झाली. मृतांमध्ये अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

पहिली दोन तास आग आणि मग स्फोट, हा क्रम लक्षात घ्या. जहाजात काय आहे हे अधिकाऱ्यांना कळले होते. त्या दोन तासांत प्रत्येक मिनिटाला मागे फिरण्याची इच्छा होणे किती स्वाभाविक होते! ते मागे फिरले नाहीत.

आता आपल्यासमोर एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याची आपली ओळखदेखील नाही, अशा माणसाने आपल्यासाठी जीव धोक्यात घालावा, अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे का?

पुष्कळ जण पटकन उत्तर देतात, "त्याचा तो पगार घेतो ना?" हे उत्तर तपासून पाहू या. पगाराने आपण माणसाचा वेळ विकत घेतो, त्याचे श्रम आणि कौशल्य विकत घेतो. जीव विकत घेता येत नाही. कारण तो गेल्यावर किंमत घ्यायला तो माणूसच उरत नाही. महिन्याच्या शेवटी हातात पडणाऱ्या रकमेकडे पाहून कोणी जळत्या जिन्यावर चढत नाही. तेथे तो जे करतो ते दान असते. आणि ज्याला दान मिळते त्याच्यावर जबाबदारी येते, हे आपण ख्रिस्ती लोकांना वेगळे सांगायला नको. मित्रासाठी प्राण देणाऱ्याच्या प्रीतीहून मोठी प्रीती नाही, असे प्रभूने आपल्याला शिकवले आहे. अग्निशमन दलाचा जवान तर ज्याचा चेहराही पाहिलेला नाही त्याच्यासाठी आत शिरतो.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने धैर्याची जागा भ्याडपणा आणि आततायीपणा यांच्या मध्ये ठरवली आहे. जो कशालाच भीत नाही तो शूर नव्हे. जेथे भ्यायला हवे तेथे भिऊनही जे करायला हवे ते करतो, तो शूर. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. चाल करून जाण्यापेक्षा टिकून राहणे, सोसत उभे राहणे हे धैर्याचे मुख्य कार्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९४४ च्या त्या दोन तासांत गोदीवर हेच घडले. एका उडीचे शौर्य क्षणात संपते. उकळत्या पाण्याच्या वाफेत नळी धरून उभे राहण्याचे शौर्य मिनिटामिनिटाला नव्याने करावे लागते.

म्हणूनच या सेवेत शिस्तीला इतके महत्त्व आहे. धुरात एकट्याने शिरायचे नाही, सोबत्याला सोडायचे नाही, हुकमाशिवाय पुढे जायचे नाही आणि माघारी बोलावले की परतायचे, हे जवानाच्या अंगी मुरवले जाते. माणूस वाचवण्यासाठी मोठा धोका पत्करावा, मालमत्तेसाठी थोडा आणि जे आधीच जळून गेले आहे त्यासाठी मुळीच नाही, हा त्यांच्यातला जाणता नियम आहे. मुंबई अग्निशमन दलाच्या बोधवाक्यात तीन शब्द आहेत: शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग. त्यातला मधला शब्द मला फार आवडतो. आत्मसंयमन नसेल तर शौर्याचा आततायीपणा होतो आणि त्यागाचे नुसते वाया जाणे होते.

येथे आणखी एक शंका येते. अग्निशमन दलाच्या माणसाला आपल्या गणवेशाचा, आपल्या केंद्राचा मोठा अभिमान असतो. आपण तर गर्व हे सात प्रमुख पापांपैकी एक मानतो. मग हा अभिमान चांगला की वाईट?

संत थॉमस यांच्याकडे याचेही उत्तर आहे. स्वतःचा मोठेपणा अवाजवी रीतीने मिरवावासा वाटणे, हा गर्व. मोठ्या कामासाठी देवाने दिलेली शक्ती ओळखून त्या कामाला योग्य होण्यासाठी झटणे, हा मनाचा मोठेपणा. तो सद्गुण आहे. दोन्ही ओळखायची एक साधी खूण मी स्वतःसाठी ठरवली आहे. गर्विष्ठ माणूस आरशाकडे पाहतो. सार्थ अभिमान असलेला माणूस आपल्याआधी गेलेल्यांकडे पाहतो आणि विचारतो, "मी यांच्या रांगेत शोभेन ना?" न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात सहकारी कामावर मरण पावला की तारयंत्राच्या काळापासून ठरलेली खूण पाठवली जाते: पाच-पाच ठोके, चार वेळा. अशा परंपरांनी माणूस फुगत नाही, नम्र होतो. आपल्याकडच्या १४ एप्रिलच्या मानवंदनेचाही हाच अर्थ आहे.

त्याच न्यूयॉर्क दलाचे फादर मायकल जज हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू आध्यात्मिक सेवक होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते जवानांबरोबर उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावरील दालनात होते. दक्षिण मनोरा कोसळला तेव्हा उडालेल्या मलब्याने त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवसाच्या मृतांच्या अधिकृत नोंदीत त्यांचा क्रमांक पहिला आहे. जवानांनी त्यांचा देह उचलून जवळच्या संत पीटर चर्चमध्ये नेला आणि वेदीसमोर ठेवला. त्या दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. एक धर्मगुरू म्हणून मी जेव्हा हे आठवतो, तेव्हा माझी त्या रविवारची टाळ्यांची घोषणा मला फार स्वस्त वाटते.

आपल्या मुंबईतही ही परंपरा जिवंत आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले होते. आग विझवण्याचे काम चालू असताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडला. प्रमुख स्वतः तेथे होता, मागे बसून हुकूम सोडत नव्हता. आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्या सर्वांनी, मीही त्यात आलो, यावर विचार करावा.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला आहे का? माझे उत्तर असे आहे: ज्या आगीला आपण आपल्या परीने टाळायचा प्रयत्न केला होता, त्या आगीत आपण त्यांच्या मदतीची अपेक्षा करू शकतो. तेथे त्यांचे दान आपण कृतज्ञतेने स्वीकारावे. पण जो धोका आपल्या आळसातून, कंजूषपणातून किंवा "एका दिवसाचा तर प्रश्न आहे" या वृत्तीतून निर्माण झाला, तेथे त्यांनी दिले असे म्हणता येत नाही. तेथे आपण ते त्यांच्याकडून हिसकावून घेतलेले असते. आणि हिसकावून घेतलेल्या गोष्टीवर टाळ्या वाजवून तिचे दान होत नाही.

अग्निशमन दलाचे आश्रयदाते संत फ्लोरियन. इसवी सन ३०४ च्या सुमारास, सम्राट डायोक्लेशनच्या छळात, श्रद्धा सोडायला नकार दिल्यामुळे त्यांना गळ्यात दगड बांधून आजच्या ऑस्ट्रियातील एन्स नदीत बुडवले गेले. ४ मे रोजी त्यांचा सण असतो. जर्मन भाषिक लोकांत त्यांच्या नावाने एक बोचरी म्हण आहे: माणूस त्यांना विनवतो की माझे घर वाचव, हवे तर शेजाऱ्याचे पेटव. ही प्रार्थना आपण तोंडाने कधी करत नाही, पण जिन्यात जुने कपाट ठेवताना, गच्चीच्या दाराला कुलूप लावताना, बंबाच्या वाटेवर मोटार उभी करताना आपण हातांनी तीच प्रार्थना करत असतो.

'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' या कायद्याने ज्या इमारतींना तो लागू आहे तेथील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा वापर करणाऱ्यावर टाकली आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्यापैकी जे सोसायटीच्या कमिटीवर आहेत त्यांनी स्वतःला विचारावे, ते प्रमाणपत्र यंत्रणा खरोखर तपासून घेतो, की नुसता कागद मिळवतो? खोट्या कागदावर सही करणे हे खोटी साक्ष देणेच आहे. पापनिवेदनात हे पाप मी फार क्वचित ऐकले आहे.

सुरुवात चर्चपासून करू या. यापुढे सणाचा मंडप कोणत्याही कारणाने रस्त्यावर येणार नाही. मिस्सा चालू असताना बाजूचे दोन्ही दरवाजे उघडे राहतील. नाताळच्या गोठ्यात पेंढ्याजवळून दिव्यांची माळ नेली जाणार नाही, आणि मेणबत्त्या नेमून दिलेल्या जागीच लावल्या जातील. गेट नं. दोनसमोर वाहन उभे करू नये. तेथे उभ्या असलेल्या वाहनाचा क्रमांक मिस्साच्या वेळी पुकारला जाईल. ते माझे असले तरी.

हात भाजलेला तो जवान काही आठवड्यांनी पुन्हा कामावर रुजू झाला, असे मला कळले. त्याने माझ्याकडे काहीच मागितले नव्हते. ना बक्षीस, ना शाल-श्रीफळ. त्याने फक्त रस्ता मागितला होता.

प्रभू त्या सर्वांचे रक्षण करो आणि आपल्याला त्यांच्या वाटेतून बाजूला होण्याची सद्बुद्धी देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू