नसलेला पाय



बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्याच्या फाटकावर एक काका आवक-जावकीची वही सांभाळतात. बेळगावकडचे, फौजेतून निवृत्त. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. आत पॉवर प्रेसचा ठोका पडला की आजही त्यांचे पेन थबकते. एकदा म्हणाले, "रात्री पाय दुखतो हो. जो नाहीच, तो." मी लगेच ऐकवले, "काका, आपण देह नाही, आत्मा आहोत." त्यांनी मान हलवली आणि वही उघडली. बोलणे तिथेच संपले.

माझे वाक्य खोटे नव्हते. पण खरे सांगायचे तर मला त्यांचे दुःख ऐकायचे नव्हते, म्हणून मी ते वापरले.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, सिग्मंड फ्रॉइड यांना प्रश्न पडला: मन सुख शोधते, तर आघात झालेली माणसे स्वप्नात त्याच भयंकर क्षणाकडे का परततात? त्यांना वाटले, घाव अचानक आला, मन तयार नव्हते. आता ते मागाहून त्याला आवरू पाहते आहे. १९२३ मध्ये त्यांनी मांडले की 'मी' हा सर्वांत आधी देहाचा 'मी' असतो. पाय जातो तेव्हा हा 'मी'ही जखमी होतो. आपल्या कानाला हे खटकेल, पण थोडे थांबून पाहा.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्यांचा खेळाडू 'मी' त्याच देहातून, पाण्यात, परत उभा राहिला.

आणि आपले शांतिपर्व? युद्ध जिंकलेला युधिष्ठिर कर्णासाठी रडतो, राज्य नको म्हणतो. भाऊ समजावतात, द्रौपदी रागावते, काही उपयोग होत नाही. मग कृष्ण त्याला शरपंजरी भीष्मांकडे नेतो. भीष्म म्हणतात, अंग जळते आहे, बोलवत नाही. तेव्हा कृष्ण आधी त्यांच्या वेदना शमवतो. ज्ञानाचे बोलणे त्यानंतर सुरू होते. हा क्रम मी कितीदा वाचला असेन, पण लक्षात आला तो त्या फाटकामुळे.

मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. विचारले, "काका, त्या पायात नेमके कुठे दुखते?"

त्यांनी वही मिटली. "अंगठ्यात. बूट घट्ट झाल्यासारखा." मग दोन चहा सांगितले.