वळूचा दोष आणि धन्याचें अज्ञान

पैदाशीसाठीं ठेवलेल्या वळूच्या अंगीं एखादा आनुवंशिक दोष लपलेला आहे किंवा नाहीं, हें तपासून पाहावें कीं न पाहावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ व्यवहाराचा वाटतो. तपासणीस खर्च किती व तिजपासून लाभ किती, एवढा हिशेब मांडला म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटेल. परंतु यांत एक नीतीचाही प्रश्न आहे. जें जाणून घेणें आपल्या हातीं आहे तें न जाणतां, पुढें "मला ठाऊक नव्हतें" असें म्हणण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय?

प्रथम हा दोष कसा असतो तें सांगितलें पाहिजे. प्रत्येक जनुकाची एक प्रत वासरास आईकडून व एक बापाकडून मिळते. कित्येक दोष असे आहेत कीं, दोहोंपैकीं एकच प्रत सदोष असली तर जनावर धडधाकट दिसतें. पण तें दोषाचें वाहक असतें. वाहक गाईस वाहक वळू दाखविला म्हणजे दर ४ गर्भांमागें सरासरी १ गर्भ दोन्ही सदोष प्रती घेऊन येतो, आणि तोच मरतो किंवा व्यंग होतो. वाहक वळू निर्दोष गाईस दाखविला तर एकही वासरूं त्या दोषानें मरत नाहीं. मात्र सुमारें अर्धीं वासरें वाहक होतात. अशा रीतीनें दोष पिढ्यान् पिढ्या गुप्तपणें पसरतो.

याचें मोठें उदाहरण होल्स्टीन गाईंच्या इतिहासांत आहे. अमेरिकेंत १९६२ सालीं 'पॉनी फार्म अर्लिंडा चीफ' नांवाचा वळू जन्मला. त्याचा वंश दुधास इतका चांगला निघाला कीं, कृत्रिम रेतनाच्या साह्यानें त्याचें बीज जगभर गेलें. त्याला १६,००० मुली, ५ लाख नाती व २० लाखांहून अधिक पणत्या झाल्या. परंतु त्याच्या एका जनुकांत दोष होता. तो दोन्हीकडून आला म्हणजे गर्भ पोटांतच मरे. गाय उलटली किंवा तिनें गाभ टाकला, एवढेंच धन्यास दिसे. कारण कळत नसे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असा अंदाज दिला आहे कीं, या एका दोषानें जगभर सुमारें ५,२५,००० गर्भ नष्ट झाले व ४२ कोटी डॉलरांचें नुकसान झालें. आणि त्याच संशोधनाप्रमाणें, या वळूच्या वंशानें दुधांत जी भर घातली तिची किंमत सुमारें ३,००० कोटी डॉलर भरते.

चीफच्या धन्यास दोष देतां येईल काय? नाहीं. त्या काळीं ही तपासणीच नव्हती. मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाविषयीं जो नियम आहे तोही हाच भेद करितो. बैल मारका आहे हें धन्यास पूर्वीं ठाऊक नसेल तर तो निर्दोष. पण सूचना मिळूनही त्यानें बैलास आवरलें नाहीं तर तो अपराधी. यावर कोणी म्हणेल, "मग न जाणणेंच बरें." परंतु त्याच अध्यायांत उघड्या खड्ड्याचाही नियम आहे. खड्डा खणून तो न झांकणाऱ्यास, त्यांत दुसऱ्याचें जनावर पडून मेलें तर भरपाई द्यावी लागे. कोणतें जनावर केव्हां पडेल हें त्यास ठाऊक होतें काय, असें तेथें कोणी विचारीत नाहीं. खड्डा झांकणें त्याच्या हातीं होतें, एवढें पुरे.

आज तपासणी आहे. शेपटीच्या केसांच्या मुळांवरून, रक्तावरून किंवा रेतावरून डीएनए पाहून वळू वाहक आहे कीं नाहीं तें सांगतां येतें. म्हणून जो वळूधनी आज तपासीत नाहीं तो चीफच्या धन्याच्या जागीं नाहीं. तो खड्डा उघडा टाकणाऱ्याच्या जागीं आहे.

मग हें ओझें सर्वांवर सारखेंच आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या दारीं एकच गाय आहे, त्यानें आपल्या गाईची तपासणी करावी असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एका वळूच्या रेताच्या हजारों मात्रा होतात. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळी कांचन येथें 'बाएफ' ही संस्था स्थापिली. तिच्या व सरकारच्या प्रयत्नांनीं होल्स्टीन व जर्सी यांचें बीज आमच्या खेड्यांतील गोठ्यांत आलें, व पुष्कळ घरांस त्यानें दूध दिलें. तथापि गाईच्या धन्यानें तो वळू कधीं डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. गाय पुनः पुनः उलटली तर महिन्यांचा चारा व्यर्थ जातो, आणि तें नुकसान त्याचेंच. परिणाम सोसणारे जितके अधिक व जितके दुबळे, तितकें जाणून घेण्याचें कर्तव्य मोठें. गरिबानें एवढेंच विचारावें, "या वळूची तपासणी झाली आहे काय?" आणि त्यास खरें उत्तर मिळावें.

तपासणींत दोष निघाला तर उत्तम वळू फुकट जाईल, ही भीति पुष्कळांस असते. चीफचा दोष वेळीं कळता, तर त्याला टाकून देण्याचें कारण नव्हतें. त्याच्या मुलींस निर्दोष वळू दाखवितां आले असते, व त्याचे निर्दोष पाडे निवडून पुढें ठेवितां आले असते. जाणण्यानें गुण गमवावा लागत नाहीं. न जाणल्यानें मात्र गुणाबरोबर दोषही पोसला जातो. परंतु तपासणी ज्ञात दोषांचीच होते. म्हणून निर्दोष ठरलेल्या वळूसही त्याच्या मुली दाखविणें योग्य नव्हे. मग तो होल्स्टीन असो, खिल्लार असो वा देवणी.

आणखी एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाहीं. व्यंग वासरूं जन्मलें म्हणजे लोक तें रात्रीं गुपचूप पुरून टाकितात. वळूचें नांव जाईल, कालवडी विकल्या जाणार नाहींत, हें त्याचें कारण. २००८ सालीं अमेरिकेंत अँगस जातीचीं वांकड्या पाठीचीं मृत वासरें जन्मलीं. पाळणाऱ्यांनीं तीं न लपवितां तपासणीस दिलीं, म्हणून मूळ दोष सांपडला आणि त्याच वर्षीं त्याची तपासणीही निघाली. तीं पुरून टाकिलीं असतीं, तर दोष दुसऱ्यांच्या गोठ्यांत वाढत राहिला असता.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच: जो दुसऱ्याच्या गाईस वळू देतो, त्यानें तो तपासावा, आणि जें निघेल तें सांगावें. आपला तोटा झांकून शेजाऱ्याच्या गोठ्यांत तो ढकलणें, याला अज्ञान म्हणत नाहींत.