ऐकून घेतल्यावांचून निवाडा

वाचकहो, गांवच्या पंचांपुढें आणि कारखान्याच्या दारांत एकच प्रश्न वारंवार उभा राहतो. अमक्यानें अपराध केला हें आम्हांस ठाऊकच आहे; मग त्याचें म्हणणें ऐकण्यांत वेळ कां घालवावा? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर गरीब मनुष्याची भाकर अवलंबून असते. म्हणून त्याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

उत्तर बंगालमधील मीनग्लास नांवाच्या चहाच्या मळ्याची हकीकत या कामीं बोधप्रद आहे. मजुरांच्या जमावानें व्यवस्थापकास व त्याच्या सहायकांस घेरून मारहाण केली, असा तेथें आरोप होता. पुढें चौकशी झाली. पण चौकशीस बसले कोण? ज्यांस मार बसला होता त्यांपैकींच अधिकारी! साक्षीदारांच्या जबान्या मजुरांसमक्ष झाल्या नाहींत; उलट मजुरांसच प्रश्न विचारण्यांत आले, व त्यांस कामावरून काढण्यांत आलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. 1963 सालीं न्यायालयानें ही रीत अन्यायाची ठरविली. आरोपिताला नुसता आरोप कळून भागत नाहीं. त्याच्याविरुद्ध कोणीं काय साक्ष दिली हेंही त्याला कळलें पाहिजे.

त्याच वर्षीं सुर एनॅमल कारखान्याच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें योग्य चौकशीचीं पांच लक्षणें सांगितलीं. आरोप स्पष्ट कळवावा. साक्षी सामान्यतः आरोपिताच्या समक्ष घ्याव्या. त्यास उलटतपासणी करूं द्यावी. स्वतःची व आपल्या साक्षीदारांची जबानी देऊं द्यावी. आणि चौकशी करणाऱ्यानें कारणांसह निर्णय लिहावा.

कोणी म्हणेल, ज्याचा अपराध उघड आहे त्यास एवढें कशाला? आम्हीही एकदा असेंच म्हणालों होतों. एका सालगड्याच्या झोपडींत मालकाच्या ज्वारीचें पोतें सांपडलें. तो पंचांपुढें मान खालीं घालून उभा होता. त्याचें मौन आम्ही कबुली समजलों, आणि आम्हीं त्याला काम सोडावयास लाविलें. महिन्यानें कळलें कीं, मालकाच्या थोरल्या मुलानेंच तें पोतें थकलेल्या मजुरीपोटीं दिलें होतें व बापास सांगितलें नव्हतें. तोंवर तो गडी बायकामुलांसह परगांवीं निघून गेला होता. आमच्या डोळ्यांनीं पोतें पाहिलें होतें; पोत्याची हकीकत पाहिली नव्हती. एक प्रश्न विचारला असता तर पुरे होतें.

बरें, अपराध खरा असला तरी शिक्षा किती, हा प्रश्न उरतोच. एका चुकीसाठीं वीस वर्षांची चाकरी बुडावी काय? हें ओळखूनच 1971 सालीं औद्योगिक विवाद कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि बडतर्फी अपराधाच्या मानानें फार वाटल्यास ती बदलून हलकी शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. पण ज्याचें ऐकलेंच नाहीं, त्याच्या अपराधाचें माप कसें घ्यावें?

हा विचार जुना आहे. केंब्रिज विद्यापीठानें डॉक्टर बेंटली यांच्या पदव्या त्यांचें म्हणणें न ऐकतां काढून घेतल्या होत्या. 1723 सालीं इंग्लंडच्या न्यायालयानें त्या परत देवविल्या. त्या वेळीं एका न्यायाधीशानें एदेन बागेचें उदाहरण दिलें: देवानेंही आदामास विचारल्यावांचून शिक्षा सांगितली नाहीं. सर्वज्ञ जर विचारतो, तर अल्पज्ञ मनुष्यानें किती विचारावें!

हा नियम दोन्ही पक्षांस सारखाच लागू आहे. मजुरांनींही धन्याची बाजू ऐकल्यावांचून त्यास लबाड ठरवूं नये, आणि चौकशीस बोलावलें असतां रागानें घरीं बसूं नये. मात्र निर्णय आधींच ठरवून मग ऐकण्याचें सोंग करणें हें न ऐकण्याहून वाईट. कारण त्यांत अन्यायावर न्यायाची मोहर उठते.

तर बंधुजनहो, तुम्ही पंचांत बसाल तेव्हां, ज्याचें नुकसान झालें त्यास निवाड्याच्या आसनावर बसवूं नका. निरक्षर मनुष्याचा अंगठा वाचून न दाखविलेल्या कागदावर घेऊं नका. आणि जो गप्प उभा आहे त्याला आधीं बसावयास सांगा, पाणी द्या, मग विचारा: बाबा, तुझें म्हणणें काय?