कुंभक वर्ज्य

मालदीवच्या धिवेही भाषेत माशाला ‘मस’ म्हणतात. बोटीवर हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा परमुलखात कुणी माहेरच्या नावाने हाक मारावी तसं झालं. धिवेही आपल्याच कुळातली, भारतीय-आर्य भाषा. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे डोळ्यांना नातं दिसत नाही. कानांना लगेच कळतं. शार्कला तिथे ‘मियारु’ म्हणतात आणि या शब्दाचं मूळ अभ्यासक संस्कृत ‘मकर’मध्ये दाखवतात. आपल्याकडे मकराची मगर झाली आणि ती नदीच्या डोहात जाऊन राहिली. मालदीवला नदीच नाही. तिथे मकर समुद्रातच राहिला आणि शार्कचं नाव होऊन बसला.

मकर म्हणजे नक्की कोणता प्राणी, याचं उत्तर आपल्या शिल्पकारांनीही कधी एक दिलं नाही. कुठे त्याला हत्तीची सोंड आहे, कुठे माशाची शेपटी, कुठे मगरीचा जबडा. तो वरुणाचं वाहन आहे, गंगेचंही आहे. विष्णूच्या कानांत त्याची कुंडलं आहेत. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण विभूती सांगतो, तेव्हा माशांमधला मकर मी, असंही सांगतो. मला सगळ्यात विचारात टाकतो तो कामदेवाच्या ध्वजावरचा मकर. ज्याच्या भयाने माणसाने पाण्यात पाय घालू नये, तो इच्छेच्या देवाने आपल्या निशाणावर का घ्यावा? पुस्तकात वाचून हे कोडं कधी सुटलं नव्हतं. ते थोडंफार उलगडलं मालदीवमधल्या वाव्हू कंकणद्वीपाजवळ, पंचवीस-तीस मीटर पाण्याखाली, एका खडकाची कडा धरून बसलेली असताना.

त्या जागेचं नावच मियारु कंदू. कंदू म्हणजे कंकणद्वीपाच्या कड्यातली खिंड, जिच्यातून समुद्र आत-बाहेर करतो. भरतीचं पाणी आत शिरू लागलं, की महासागरातलं काचेसारखं स्वच्छ पाणी त्या खिंडीत जोराने घुसतं आणि करडे रीफ शार्क तिच्या तोंडाशी येऊन प्रवाहाकडे तोंड करून थांबतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाच्या अशाच एका खिंडीत शेकडो शार्क जमतात. तिथला २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की खडकावर आपटून वर चढणाऱ्या पाण्यावर ते अलगद तरंगत राहतात आणि त्यामुळे त्यांची दहा ते पंधरा टक्के शक्ती वाचते. हे वाचल्यावर मला सिंहगडाच्या कड्यावरची घार आठवली. ऊन तापलं की वर चढणाऱ्या हवेवर पंख न हलवता तीही अशीच टांगलेली असते. मियारु कंदूत मी पाहिलं ते हेच होतं, फक्त घारी करड्या होत्या आणि आभाळ निळं-काळं होतं.

पण त्या क्षणी घार आठवली नाही. त्या क्षणी फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

पाण्याखाली श्वास घ्यायला मी पन्नाशी उलटल्यावर तारकर्लीला शिकले. शिकवणारा मुलगा मालवणचा, माझ्या भाच्याच्या वयाचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, “काकी, काय वाटेल ते विसरा, पण श्वास धरून ठेवू नका.” मी तोवर वीस-बावीस वर्षं प्राणायाम करत आले होते. पूरक, कुंभक, रेचक. आपल्या परंपरेत श्वास रोखून धरणं ही साधनेची खूण. ज्याचा कुंभक साधला त्याचं मन साधलं. आणि इथे पहिलाच नियम : कुंभक वर्ज्य. कारण साधं आहे. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. तीस मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येता येता चौपट जागा मागू लागते आणि माणसाने ती रोखून धरली, तर फुप्फुसं फाटतात. शेवटचे दहा मीटर सगळ्यात घातक, कारण एवढ्याशा अंतरात हवा दुपटीने फुगते.

याच गणिताची दुसरी बाजू अशी, की तीस मीटरवरचा प्रत्येक श्वास टाकीतली चौपट हवा ओढून घेतो. वर जी टाकी दोन तास पुरेल, ती तिथे अर्ध्या तासात रिकामी. घाबरलेला माणूस भरभर श्वास घेतो, म्हणजे अर्धा तासही मिळत नाही. १९९२ ते २००३ या काळातल्या हौशी डायव्हरांच्या ९४७ मृत्यूंचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अनर्थाची सुरुवात कशाने झाली हे जिथे कळू शकलं, त्यांतल्या ४१ टक्के प्रसंगांत ती हवा अपुरी पडण्याने झाली होती. उलट शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंद ठेवणाऱ्या फ्लोरिडातल्या संग्रहालयाकडे २०२४ सालचे, माणसाने डिवचलेलं नसताना झालेले चावे आहेत ४७. त्यांत दगावलेले चौघे. साऱ्या जगात, साऱ्या वर्षात. शार्क दिसला की मी हवेच्या काट्याकडे बघायचं विसरते, हा माझ्यापुढचा खरा धोका होता. भय चुकीच्या ठिकाणी जाऊन बसलं होतं. दात समोर दिसत होते, म्हणून ते दातांवर बसलं. हवा दिसत नाही, म्हणून तिच्याकडे फिरकलं नाही.

आमच्या मालदीवी वाटाड्याला हे माझ्या बुडबुड्यांवरून कळलं असावं. त्याने माझा हवेचा काटा हातात धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला आणि मग तळहात छातीशी नेऊन हळूहळू खाली केला. सावकाश.

श्वास सावकाश झाला आणि काहीतरी बदललं. शार्क तेच होते, अंतर तेवढंच होतं. भय गेलं असं म्हणता येणार नाही. ते माझं राहिलं नाही, एवढंच सांगता येईल. नंतर कित्येक दिवस मी या वाक्यापाशी घुटमळत होते आणि अखेर अभिनवगुप्ताकडे गेले. नाट्यशास्त्रावरच्या टीकेत भयानक रस समजावताना तो उदाहरण घेतो ते शाकुंतलातल्या हरणाचं, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत धावणाऱ्या. त्या हरणाचं भय प्रेक्षकाला पोचतं, पण ‘हरीण भ्यालं’ असं नाही, ‘मी भ्यालो’ असंही नाही. कुणाचंच नसलेलं, देशकाळातून सुटलेलं भय. म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. रसात येणारी विघ्नंही त्याने मोजली आहेत आणि त्यांतलं एक म्हणजे आपल्याच सुखदुःखात गुरफटून जाणं. पाश्चात्त्य विचारात एडमंड बर्कने १७५७ साली जवळपास हाच प्रांत धुंडाळला. भय फार जवळ आलं तर ते निव्वळ क्लेश देतं, थोडं अंतर राहिलं तर त्यात आनंद मिसळतो, असं त्याचं म्हणणं. पण बर्कचं अंतर हे सुरक्षिततेचं अंतर आहे. अभिनवगुप्ताचं अंतर स्वतःपासूनचं आहे, आणि मियारु कंदूत मला उपयोगी पडलं ते हे दुसरं.

तरीही एक गोष्ट मला खटकत राहते. नाटकात हरीण खरं मरत नाही. तिथे रंगमंच आहे, आणि आपण प्रेक्षक आहोत हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. समुद्रात हा करार कुणाशी झालेला नसतो. शार्कला कुणी सांगितलेलं नसतं, की ही माणसं फक्त बघायला आली आहेत.

शार्कलाही भय आहे हे समजायला माणसाला फार वेळ लागला. रिचर्ड जॉन्सन आणि डोनाल्ड नेल्सन या दोघा संशोधकांनी १९७३ साली करड्या रीफ शार्कचं एक वागणं नोंदवलं. डायव्हर त्याच्या अंगावर गेला, निसटायची वाट अडवली, की तो पाठीला बाक देतो, छातीचे पर खाली पाडतो, नाक वर उचलतो आणि अंग डावी-उजवीकडे फार मोठ्या झोकात फिरवत पोहू लागतो. मागे हट, असं तो सांगत असतो. न ऐकणाऱ्याला तो चावतो आणि तडक निघून जातो. म्हणजे त्या पाण्यात दोन भयं समोरासमोर असतात आणि त्यांतलं एक आपलं म्हणणं अत्यंत स्पष्टपणे मांडत असतं. दुसऱ्याला ती भाषा शिकावी लागते. मी ती बोटीवर शिकून गेले होते, आणि समोरच्या प्रत्येक शार्कचे पर आडवे, ताठ, निश्चिंत आहेत हे पाहून मला जो दिलासा वाटला, तो माझ्यापुरता नव्हता. आपल्यामुळे इथे कुणी घाबरलेलं नाही, याचा तो होता.

म्हणूनच मासे टाकून शार्क जमवण्याच्या धंद्याबद्दल माझं मत कडक आहे. मालदीवच्या दक्षिण टोकाकडच्या फुवाहमुला बेटाच्या बंदराशी टायगर शार्क येतात ते मुळात मासेमारांनी वर्षानुवर्षं फेकलेल्या कुप्पा म्हणजे टूना माशाच्या अवशेषांमुळे. आता डायव्हरांसाठी मुद्दाम टूनाची मुंडकी दगडांखाली ठेवली जातात. वाव्हूतच एका जेट्टीपाशी रात्री नर्स शार्कचे थवे जमतात, तेही अशाच खरकट्याच्या सवयीने. तिथे मीही गेले होते. दिव्यांच्या झोतात ते गरीब प्राणी आमच्या पायांना अंग घासत फिरत होते, लोक हसत होते, आणि मला कुणाच्या तरी घरी न बोलावता जाऊन बसल्यासारखं वाटलं. २०१० सालच्या डिसेंबरात इजिप्तच्या शर्म अल-शेखमध्ये मोजक्या दिवसांत पाच जणांना शार्क चावले, एक जर्मन बाई गेली. तज्ज्ञांनी ज्या कारणांकडे बोट दाखवलं त्यांत समुद्रात टाकलेली मेलेली मेंढरं होती, उपसून संपवलेले मासे होते आणि माशांना चारण्याची सवयही होती. फ्लोरिडाने तर त्याआधीच आपल्या पाण्यात डायव्हरांनी मासे चारण्यावर बंदी घातली होती. चारा टाकणारा शार्कला नट बनवतो. आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या सोयीच्या खोलीवर त्याने यावं, पर पाडायचे विसरून जावं, एवढी त्याच्याकडून अपेक्षा. त्याचं भय हे त्याचं संरक्षण आहे, आमचंही. ते माशाच्या एका मुंडक्याला विकत घेतलं जातं.

पैशाने त्याचं भलंही झालं आहे, हे मान्य करायला हवं. मालदीवच्या शार्क-मासेमारीवर १९९३ साली एक अहवाल निघाला. मेलेल्या एका करड्या रीफ शार्कचे कोळ्याला मिळत ३२ डॉलर, आणि डायव्हर ज्याला पाहायला येतात असा जिवंत शार्क चांगल्या जागी वर्षाला ३३,५०० डॉलर मिळवून देतो, असा त्याचा हिशेब होता. २०१० साली देशाने शार्क मारण्यावर पूर्ण बंदी आणली. एखाद्या जिवाच्या बाजूने हा युक्तिवाद करावा लागावा याचं मला वाईट वाटतं. पण जगभरात माणूस वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा २०१३ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यापुढे मी युक्तिवादाच्या शुद्धतेवर अडून बसणार नाही. करड्या रीफ शार्कची मादी वर्षभर पोटात वाढवून फार तर सहा पिल्लं देते. दहा कोटींची भरपाई अशा पोटांतून व्हायची आहे.

मालवणच्या बाजारात मोरी, म्हणजे आपल्याकडचा लहान शार्क, दिसते तेव्हा हे सगळं माझ्या मनात येतं आणि जीभ अडखळते. मोरीचं मटण मी लहानपणापासून खाल्लं आहे. माझ्या आईला माझ्या वेळी बाळंतपणात मोरीचं कालवण दिलं होतं, दूध यावं म्हणून. म्हणजे माझ्या पहिल्या घोटातही मोरी होती. टोपलीतल्या हातभर मोरीच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर रेशीम लागतं, उलट फिरवला तर कानस. तिच्या कातडीवर दातांसारखेच बारीक खवले असतात. कोळणीला मी काय सांगणार? तिचं घर त्या टोपलीवर चालतं आणि माझी सुट्टी विमानाच्या तिकिटावर. मी इतकंच करते, की हातभर लांबीची मोरी घेत नाही. ते पिल्लू असू शकतं.

त्या दिवशी मियारु कंदूत आम्ही बावीस मिनिटं होतो. हवेचा काटा पन्नास बारवर यायच्या आधीच वाटाड्याने अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ एकच, वर चला. कडा सोडली तशी भरतीने आम्हाला उचललं आणि खिंडीतून आत वाहून नेलं. मागे वळून पाहिलं तर करड्या रेघा धूसर होत होत निळ्यात मिसळल्या. पाच मीटरवर थांबायचं असतं, तीन मिनिटं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. वर बोटीचा तळ दिसत होता, खाली काहीच नाही. तिथे ते होते हे मला ठाऊक होतं. वाटाड्याने तीन बोटं दाखवली, मग दोन. मी श्वास घेत होते आणि सोडत होते.